आंबेखारला हरकत नाही

राष्ट्राची उंची त्याच्या डोंगरांवरून ठरत नाही, टक्केवारीवरून ठरते. पूर्वी माणसं नुसतीच चांगली असायची. किती चांगली, हे मोजायची सोय नव्हती, त्यामुळे त्या चांगुलपणाला तसा काही पुरावा नसे. आता तसं राहिलेलं नाही. नॉर्वेचा माणूस आपल्यापेक्षा नेमका किती सहिष्णू आहे, हे आज दशांश चिन्हापुढच्या दोन आकड्यांपर्यंत सांगता येतं, आणि पुढच्या वेळी त्याला मागे टाकायची तयारीही करता येते.

हे मोजमाप करणारी एक जागतिक संस्था आहे. तिचं मुख्यालय युरोपातल्या एका थंड गावी आहे. त्या गावाचं नाव आमचे सरपंच धर्मा पाटील यांनी स्वागताच्या भाषणात तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं घेतलं. ही संस्था देशोदेशींच्या माणसांना एकच प्रश्नपत्रिका देते. परक्यावर विश्वास ठेवता का, शेजारी कोण चालेल, देव मोठा की शिस्त मोठी, असे प्रश्न असतात. मग दहावीच्या निकालासारखे देशांचे नंबर लावतात. या खेपेला भारतातून काही गावं निवडताना संगणकाने आंबेखारवर बोट ठेवलं. आंबेखार म्हणजे मुरुडच्या अलीकडचं, मुरुडहून येताना खाडीचा पूल ओलांडला की लागतं ते आमचं गाव. का निवडलं, हे संस्थेला सांगता आलं नाही. आम्हाला विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं.

पत्र येताच 'जागतिक मूल्य स्वागत व संवर्धन समिती' स्थापन झाली. सचिवपद माझ्याकडे आलं, कारण मी, दिनानाथ, ग्रामपंचायतीत लिपिक म्हणून निवृत्त झालो आहे आणि इतिवृत्त कसं लिहावं म्हणजे काही झालंच नाही असं वाटतं, हे मला येतं. पहिल्याच बैठकीत गावाची मूल्यं कोणती, यावर चर्चा होऊन ती बहुमताने मंजूर झाली. बक्षिसाचा अनुभव आम्हाला होताच. तंटामुक्तीच्या वर्षी आंबेखारमध्ये एकही तंटा झाला नाही. जे करायचे होते ते लोकांनी पुलापलीकडे, शेजारच्या गावाच्या हद्दीत जाऊन केले. (तिथली माणसं बिचारी बसायला बाकडी देत. त्यांना बक्षीस मिळालं नाही.)

संस्थेतर्फे पुण्याहून मृणाली नावाची मुलगी आली. चष्मा, टॅबलेट, पायांत बूट. तिच्या राहण्याची सोय जीवनच्या होमस्टेमध्ये झाली. जीवन आमच्याकडचा तरुण उद्योजक. बापाने मिठागर विकलं आणि याने सहा खोल्या बांधल्या, समुद्राकडे तोंड करून. मृणालीने पिशवी खाली ठेवायच्या आत तिला खोली मिळाली. नाव, गाव, आडनाव काही विचारलं नाही. तशी गरजच पडली नाही, आडनाव तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलेलं होतं.

तिची सूचना अशी होती की प्रत्येक माणसाची मुलाखत एकट्याने, एकांतात घ्यावी. आमच्याकडे एकांताची तरतूद नाही. माणसाला काही विचारलं की उत्तर देण्याची जबाबदारी घराची असते, आणि घर कमी पडलं तर आळीची. सखुबाईची मुलाखत झाली तेव्हा निम्मी उत्तरं तिची सून बायजा हिने दिली, काही कुंपणावरून जीवनने दिली आणि देवाविषयीचा प्रश्न म्हावरं घेऊन आलेल्या कोळणीने पाटी न उतरवता सोडवला. बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो का, या प्रश्नावर मात्र सखुबाई स्वतः बोलली.

"कुनाची मानसं?" तिने विचारलं.

मृणाली म्हणाली, कुणाची असं नाही, सर्वसाधारण माणसं.

"सर्वसाधारन मानूस मी अजून बघितला न्हाय," सखुबाई म्हणाली. सोबत आलेल्या समितीच्या सदस्याने खाकरून आठवण करून दिल्यावर तिने उत्तर 'व्हय' असं दिलं.

खरा प्रश्न होता चोविसावा. शेजारी म्हणून तुम्हाला कोण चालणार नाही? पुढे यादी होती: परधर्माचे, परभाषेचे, परदेशी, एकट्या राहणाऱ्या बायका, दारुडे. गावाने एकमुखाने सांगितलं, हरकत नाही. काही घरांतून हे उत्तर यादी वाचून व्हायच्या आधी आलं. दारुड्यांचं नाव निघालं तेव्हा काही ओट्यांवर जरा चुळबुळ झाली, कारण उत्तर देणारा स्वतःही कुणाचा तरी शेजारी होता, पण तेही निभावलं. विरोधाची नोंद फक्त एक. सखुबाई म्हणाली, जीवन चालनार न्हाय. मृणालीने विचारलं, हे कुठल्या रकान्यात घालू, धर्म की भाषा? सखुबाई म्हणाली, कुंपन. दीड हात आत सरकवलंय मेल्यानं. ते 'इतर' मध्ये गेलं.

प्राथमिक निकाल आला आणि सहिष्णुतेत आंबेखार नॉर्वेच्या पुढे निघालं. नॉर्वेविषयी मला आदर आहे, पण तिथली परिस्थिती समजून घेतली पाहिजे. आमचे सिराजुद्दीनभाई सांगतात त्याप्रमाणे तिथे शेजारी म्हणजे बर्फातून अर्धा दिवस चाललं की लांबवर दिसणारा दिवा. (सिराजुद्दीनभाई अनेक वर्षं कुवेतला होते. नॉर्वेला ते गेलेले नाहीत, पण परदेश हा विषय गावाने त्यांच्याकडे दिलेला आहे.) इतक्या लांबच्या दिव्याला कोण हरकत घेणार? जपानी माणूस हरकत घेतो म्हणतात, पण मनातल्या मनात, आणि वर कमरेत वाकतो. आमचा माणूस हरकत नाही हे खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. देशोदेशींच्या संस्कृतीत फरक असतो तो असा.

त्याच आठवड्यात जवेरिया आली.

इथे थोडी पार्श्वभूमी देणं भाग आहे. आंबेखारचं आरोग्य उपकेंद्र बांधून दोन पावसाळे झाले. इमारत उत्तम आहे. कुलूपही चांगल्या कंपनीचं आहे. नर्सबाई मिळावी म्हणून सगळ्यात जास्त खेटे घातले ते सखुबाईने, कारण बायजाला आठवा लागला होता. तिचं पहिलं बाळंतपण रस्त्यातच फसलं होतं, अलिबागच्या वाटेवर, आणि बाळ राहिलं नव्हतं. या खेपेला काही झालं तरी नर्स गावात पाहिजे म्हणून तिने पंचायतीच्या पायरीवर बसून धर्मा पाटलांना जेवू दिलं नव्हतं. अखेर नेमणूक झाली. माणगावच्या बेकरीवाल्यांची मुलगी, जवेरिया, तीन वर्षांचा अनुभव, प्रसूतीत हातखंडा. अट एकच होती. कर्मचाऱ्याने मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावातच, राहावे, आणि राहात असल्याचा पत्ता आठवड्यात कळवावा. न कळवल्यास नेमणूक दुसरीकडे हलवण्यात येईल. सरकारी निवासस्थान मंजूर आहे. बांधलेलं नाही.

म्हणजे जवेरियाला एक खोली हवी होती. एक ट्रंक, एक कुकर आणि ती. बस, एवढंच.

आता आंबेखारचा रिवाज सांगतो. उंबऱ्याशी आलेल्याला आम्ही 'नाही' म्हणत नाही. नाही म्हटलं की घराची बरकत जाते. आणि आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही. घरच्या माडाचा एक नारळ हातावर ठेवतो. (कचेरीत एखाद्याच्या हातात नारळ दिला की त्याचा अर्थ वेगळा होतो. आम्ही तो प्रेमाने देतो.) योगायोग असा की मृणालीचा दुसरा टप्पाही तेव्हाच सुरू झाला होता. परकी व्यक्ती गावात आली की लोक कसे वागतात, हे पाहून गुण द्यायचे. चहा दिला की आतिथ्य. नारळ दिला की औदार्य. तोंडभर कौतुक केलं की सहिष्णुता. पुढच्या घरापर्यंत सोबत गेलं की सामाजिक सलोखा. निरीक्षकाने मध्ये बोलायचं नाही, हा नियम.

जवेरिया पहिल्यांदा सखुबाईकडे गेली. मागच्या अंगाला खोली आहे, वेगळं दार, विहीर जवळ. सखुबाईने तिला पाटावर बसवलं, चहा दिला, बायजाचं पोट दाखवलं. जवेरियाने हात लावून पाहिलं, बाळाचं डोकं खाली वळलंय, छान आहे म्हणाली. सखुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आता प्रश्न खोलीचा. इथे एक प्रशासकीय अडचण उभी राहिली. शहरात अशा वेळी 'आमच्याकडे मांसाहार चालत नाही' असं म्हणून प्रकरण निकाली काढतात. आंबेखारमध्ये सकाळी उठून सुकट भाजतात. ते कारण आम्हाला उपलब्ध नव्हतं, त्यामुळे प्रत्येक घराला आपलं कारण स्वतः तयार करावं लागलं.

"पोरी, माजं घर म्हंजे तुजंच घर हाय," सखुबाई म्हणाली. "पन मागच्या खोलीत देवाची जुनी पालखी ठेवलीय. तू बाजूलाच ऱ्हा की. जीवनकडं सा खोल्या हायेत. मला शेजारी तूच पायजे."

नारळ दिला आणि कुंपणापर्यंत पोचवून आली. आतिथ्य, औदार्य, सहिष्णुता, सलोखा. चारही रकाने भरले.

जीवनने शहाळं फोडलं. शनिवार-रविवारी खोल्यांचं बुकिंग असतं, हे त्याने मोबाइलवर दाखवलं. सोमवार ते शुक्रवार काय असतं, असं जवेरियाने विचारल्यावर तो म्हणाला की सोमवार ते शुक्रवार खोल्यांना विश्रांती देतो. शिवाय नर्सबाई म्हणजे कायमच्या राहणार. पाहुणा आला तर पाहुणा म्हणून ठेवता येतो, माणूस म्हणून ठेवायचं तर घरात विचारावं लागतं. त्याची स्वतःची अजिबात हरकत नव्हती. शेजारी कुणी खोली दिली तर गाद्या आपण देऊ, असंही तो म्हणाला. मग म्हणाला, मोहल्ल्यात बघा ना ताई, तुमच्या लोकांत तुम्हालाही बरं वाटेल. नारळ दिला, बाइकवरून सोडलं.

मोहल्ल्यात सिराजुद्दीनभाईंचं दुमजली घर. मुलगे कुवेतला, सून फरिदा खाली, वरचा मजला झाडून-पुसून बंद. फरिदाने शिरखुर्मा केला. ईद नव्हती, तरी केला. सिराजुद्दीनभाईंनी तिच्या आजोबांचं नाव विचारलं, माणगावच्या नानकटाईचं कौतुक केलं, दुआ दिली.

"बेटी, घर तुझाच हाय," ते म्हणाले. "पण तू अकेली. रात्री-अपरात्री कुणी बोलवायला येणार. मोहल्ला अल्लाच्या करमानं चांगला, जबान जरा लांब. निकाह झालेला असता तर गोष्ट वेगळी. तू त्या सखुबाईकडे बघ. बायकांचा घर हाय, तिथं तुला कुणी काही म्हणणार नाही. आम्ही हाऊत ना शेजारी."

नारळ दिला. स्वतः काठी टेकत तिला सखुबाईच्या दारापर्यंत आणून सोडलं. सखुबाईने पुन्हा चहा टाकला.

असा गावाला वळसा झाला. मधली घरंही झाली. कुणी शेजारी नको म्हणालं नाही. जो तो दुसऱ्याच्या घरी तिच्यासाठी भांडायला तयार होता. धर्मा पाटलांनी तर तिला बहीण मानलं आणि बहिणीला भाडेकरू म्हणून ठेवणं शोभत नाही, असं सांगितलं. खोली जसजशी मिळेना, तसतसा आंबेखारचा निर्देशांक चढत गेला. पाचव्या घरात आम्ही जपानला आतिथ्यात गाठलं. आठव्या घरानंतर औदार्यात कुणी जवळपासही उरलं नाही. एखाद्याने पहिल्याच दिवशी खोली देऊन टाकली असती तर एक चहा, एक नारळ यावर गावाचं काम आटोपलं असतं, हे लक्षात घेतलं पाहिजे.

शेवटी जवेरिया पंचायतीच्या ओट्यावर आपल्या ट्रंकेवर येऊन बसली. भोवती नारळ. मी, मृणाली, समितीचे दोन सदस्य असे तिथेच होतो. ती रागावली नव्हती, थकली होती. म्हणाली, "काका, सगळ्यांना मी शेजारी चालते. पण कुणाच्या तरी घरात राहिल्याशिवाय मी कुणाची शेजारीण होणार कशी?"

प्रश्न चांगला होता. प्रश्नपत्रिकेत नव्हता.

तेव्हा मृणालीने टॅबलेटवरून मान वर केली आणि मला विचारलं की काका, तुमच्या ओटीलगतच्या दोन खोल्यांत काय आहे. मी नियमाची आठवण करून दिली. तिने तरी पुन्हा विचारलं. माझ्या त्या दोन खोल्या मुलगा पनवेलला गेल्यापासून रिकाम्या होत्या हे खरं, पण सध्या त्यांत समितीचा बॅनर ठेवला होता. बॅनर मोठा आहे. 'हे विश्वचि माझे घर' ही अक्षरं घडी पडून मोडू नयेत म्हणून तो आडवा, पूर्ण पसरून ठेवावा लागतो. ही गोष्ट मी दोघींना नीट समजावून सांगितली. मृणालीने मग जवेरियाला आपल्याच खोलीत ये म्हणून सांगितलं. ते जीवनला कळलं तेव्हा तो हात जोडून म्हणाला, ताई, तुम्ही पाहुण्या, तुम्ही असा त्रास घ्यायचा नाही. संस्थेच्या मुख्यालयातूनही तिला निरोप आला की निरीक्षकाने प्रयोगात हात घालू नये.

रात्री समितीने ठराव केला की आंबेखार ग्रामस्थ जवेरियाताईंचं शेजारी म्हणून मनःपूर्वक स्वागत करत आहेत. तिला त्याची प्रत दिली. पत्ता म्हणून ती प्रत कचेरीत चालली नाही.

जवेरिया मुरुडला राहू लागली. पुढचा आदेश निघेपर्यंत मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीने यायचं, असं ठरलं. तिला पोचवायला अख्खं गाव थांब्यावर आलं. नारळांचं पोतं वर चढवायला चौघं लागले. कंडक्टरने विचारलं, लगीन कुणाचं होतं?

अंतिम निकाल लागला. आंबेखार पहिलं. चषक द्यायला थंड गावाहून एक साहेब येणार म्हणून आम्ही भर रस्त्यात मांडव घातला. गावात दुसरी सपाट जागा नाही. बॅनर बाहेर काढून कमानीवर चढवला. (त्यामुळे माझ्या खोल्या दोन दिवस रिकाम्या होत्या. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.) शुक्रवारी सकाळी साहेबांच्या गळ्यात हार पडत असताना बायजाला कळा सुरू झाल्या, तारखेच्या पंधरा दिवस आधी.

सखुबाईने मांडवात येऊन धर्मा पाटलांची जीप मागितली. जीप मंचाच्या मागे अडकली होती. मंच हलवायचा तर साहेबांना उठवावं लागलं असतं. मग जीवनने कुंपण तोडलं, तेच कुंपण, आणि खालच्या वाटेने आपला टेम्पो काढला. बायजाला गादीवर घालून, सखुबाईला सोबत घेऊन तो पुलापर्यंत गेला आणि पुलावर कळा थांबेनात. समोरून मुरुडची एसटी येत होती. सखुबाई तिच्यापुढे हात पसरून उभी राहिली. आतून जवेरिया उतरली.

टेम्पोतच बाळंतपण झालं. मुलगी. दोघीही ठणठणीत. टेम्पो तोवर पूल ओलांडून गेला होता, त्यामुळे जन्माची नोंद शेजारच्या गावात झाली. आमच्या बऱ्याचशा महत्त्वाच्या गोष्टी तिथेच होतात.

दुसऱ्या दिवशी जवेरिया बाळाला बघायला आली. सखुबाई रिवाजाप्रमाणे नारळ घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यात थांबली. मग तो तिने खाली ठेवला आणि कमरेची किल्ली काढली.

"पालखी नव्हतीच गं," ती म्हणाली. "खोली रिकामी हाय. ये ऱ्हायला."

बोलताना ती रडत होती. जवेरियाने तिचे हात धरले. पर्समधून कागद काढला. मुख्यालयी निवासाचा पत्ता मुदतीत प्राप्त न झाल्याने बदलीचा आदेश कालच निघाला होता. सोमवारी नव्या गावी हजर व्हायचं होतं. आंबेखारला नवी नर्स कधी येईल, ते आदेशात नाही.

उपकेंद्र आता पुन्हा बंद आहे, पण ओस नाही. चषक आम्ही तिथेच ठेवला आहे. जागा कोरडी आहे आणि कुलूप चांगलं आहे. सखुबाई सकाळी नातीला घेऊन त्या पायरीवर उन्हात बसते. समितीच्या माणसांशी ती बोलत नाही. मृणालीने नोकरी सोडली असं ऐकतो.

आता तुम्ही. मघापासून आंबेखारला हसताय, ते मला दिसतंय. हसा. तुमच्याकडे असं होत नाही, तुम्ही शिकलेले, चार देश पाहिलेले, पुस्तकं वाचणारे. चोविसाव्या प्रश्नाला तुमचंही उत्तर तेच असणार. म्हणून सांगतो, जवेरियाची बदली झाली आहे ती तुमच्याच भागात. एक ट्रंक, एक कुकर आणि ती. मी तिला तुमचा पत्ता दिला आहे. आज-उद्या बेल वाजेल.

तोवर घरात एखादा नारळ आहे ना, तेवढं बघून ठेवा.